कॅटेगरीतला फौजी

बार्शी रस्त्यावर आधी पावलांचा आवाज येतो, मुलं मागाहून दिसतात. जानेवारीतली पहाट आहे. शाळूवर धुकं उतरलंय, आणि कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांचे नुसते दिवे तेवढे दिसतायत. ट्रॉल्यांपासून अंग चोरत, डांबर सोडून कडेच्या मातीवरून मुलं पळत येतात. चुना फासलेल्या दगडापाशी एकजण उभा आहे. हातात मोबाइल, मोबाइलवर स्टॉपवॉच.

"पाच अडतीस. पाच एक्केचाळीस. तू पण पाच एक्केचाळीस. सहा मिनिटं झाली की रं, कुठं राहिलास?"

१६०० मीटरची ही धाव अग्निवीर भरतीची. साडेपाच मिनिटांच्या आत आलं तर ६० गुण, पुढच्या पंधरा सेकंदांत आलं तर ४८. परंड्यात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर हे आकडे आठवीतल्या पोरांनाही पाठ असतात. मी इथल्या शाळेत खेळ शिकवतो, त्यामुळे यातली बरीच मुलं माझ्या मैदानावरून गेलेली आहेत. वेळ घेणाराही माझाच विद्यार्थी. आज तो लान्स नायक आहे, वय सत्तावीस. खांदे आणि छाती पाहिली तर या घोळक्यात त्याच्या तोडीचं कुणी नाही. पण तो पळत नाही. डाव्या गुडघ्यावर काळा पट्टा आहे आणि मुलं दगडाच्या पुढे जाऊन वाकून धापा टाकत असताना तो त्यांच्याकडे चालत जातो, टाच आधी, मग चवडा, मोजून टाकल्यासारखी पावलं.

"दादा, शेवटचे दोनशे मीटर आमच्यासंगं या की," एक पोरगा म्हणतो. "फौजी कसा पळतो ते बघू तरी."

"मला मनाई हाय."

"डॉक्टर काय इथं बघायलाय व्हय?"

तो हसत नाही, चिडतही नाही. स्टॉपवॉच शून्यावर आणतो आणि पुढच्या तुकडीला हात वर करून सांगतो, "तयार."

डॉक्टर बघत नसताना पाळलेली मनाई मला या रस्त्यावर नोंदवल्या जाणाऱ्या कुठल्याही वेळेपेक्षा मोठी वाटते. मुलं दम खात बसली की मी हे त्यांना मोठ्याने सांगतो. काही ऐकतात, काही बुटांच्या नाड्या बांधत बसतात.

उजाडल्यावर आम्ही त्याच्या घरी येतो. अंगणात आई चुलीवर पाणी तापवतेय. त्याने प्लास्टिकच्या फोल्डरमधून एक कागद काढून माझ्यापुढे धरलाय. सैन्यात माणसाची तब्येत पाच अक्षरांत मांडतात, त्याला शेप म्हणतात. एस म्हणजे मन, एच कान, ए हातपाय, पी शरीराची एकंदर क्षमता, ई डोळे. प्रत्येकापुढे एक ते पाचमधला आकडा येतो. पाचही ठिकाणी एक असेल तो शेप-वन, कुठल्याही सीमेवर पाठवायला मोकळा. याच्या 'ए'पुढे तीन आलाय आणि त्याला जोडून टी-२४, म्हणजे तात्पुरती कॅटेगरी, २४ आठवड्यांनी पुन्हा वैद्यकीय बोर्ड. खाली बंद केलेल्या गोष्टी. पळणं, उडी, ओझं वाहणं, परेडमध्ये पाय आपटणं, अतिउंचावरची नेमणूक.

जवानांच्या बोलण्यात याला एवढंच म्हणतात, 'कॅटेगरी लागली'. ज्या सुरात हे म्हटलं जातं तो सूर मी गावातल्या निवृत्त सुभेदारांकडूनही ऐकलाय. त्यात आजाराची काळजी कमी आणि मागे पडण्याची भीती जास्त असते. शेप-वन नसेल तर बरेच कोर्स करता येत नाहीत, कोर्स नाही तर बढती लांबते. युनिटमध्ये बाकीचे बीपीईटी या शारीरिक चाचणीसाठी उतरतात, पाठीवर सामान आणि हातात रायफल घेऊन ५ किलोमीटर पळतात, ६० मीटर सुसाट धावतात, दोर चढतात, ९ फुटांचा खड्डा ओलांडतात. कॅटेगरीवाला स्टोअरमध्ये नोंदवही लिहीत बसतो. कुणी काही बोललं नाही तरी त्याला ते ऐकू येत राहतं.

पावसाळ्यात युनिटमधल्या कबड्डीत चढाई करताना याचा पाय मातीत रुतला आणि अंग मात्र मध्यरेषेकडे वळलं. गुडघ्याच्या आत आवाज झाला. गुडघ्याच्या मधोमध जो आडवा-तिरपा लिगामेंट मांडीच्या हाडाला नडगीच्या हाडाशी धरून ठेवतो, तो तुटला. ऑक्टोबरअखेर लष्करी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. त्याच्याच मांडीमागच्या स्नायूची कंडरा काढून, हाडांना भोकं पाडून, तुटलेल्या लिगामेंटच्या जागी ओवली. सिक लिव्ह झाली, बोर्ड झाला, युनिटमध्ये हजेरी लागली आणि आता तो वार्षिक सुट्टी घेऊन आलाय. शस्त्रक्रियेपासून हा अकरावा आठवडा.

अकरावा आठवडा फार फसवा असतो. सूज उतरलेली असते, जखमेची रेघ फिकी पडलेली असते, माणूस जिना चढतो, मांडी घालून बसायलाही बघतो. गुडघा म्हणतो, मी बरा झालो. पण आत ओवलेली कंडरा त्या काळात सर्वांत कच्ची असते. मूळ जागेवरून कापून आणल्यावर तिचा रक्तपुरवठा तुटतो. जुने धागे विरत जातात, नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नवे धागे विणले जातात आणि या उलथापालथीत साधारण दीड ते तीन महिन्यांच्या दरम्यान तिची ताकद तळाला गेलेली असते. वेदना गेलेली आणि ताकद आलेली नाही, असे हे आठवडे. २०१६ साली नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. या शस्त्रक्रियेनंतर खेळात परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितकं लांबवलं, तितकी पुन्हा दुखापत होण्याची शक्यता दर महिन्याला निम्म्याने कमी होत गेलेली त्यात दिसली. एकेका महिन्याची किंमत एवढी.

मी हे त्याच्या वडिलांना समजावून सांगतोय. आप्पा विळ्याला धार लावता लावता ऐकतात. मग म्हणतात, "म्हंजे आपल्या नदीकडच्या भरावासारखंच की. वरनं सपाट दिसतंय, पर ट्रॅक्टर घातला की चाक आत."

यापेक्षा बरं मला सांगता आलं नसतं.

त्याचा व्यायाम आता सुरू होतो, आणि मला सगळ्यांना बोलावून दाखवावासा वाटतो तो हा भाग. जुनी काळी सायकल, चोवीस इंची, दुहेरी स्टँडवर उभी आहे. मागचं चाक हवेत. चाकाला घासत राहील अशी जुन्या ट्यूबची पट्टी त्याने आडवी ताणून बांधली आहे, पट्टी ओढली की पायडल जड होतं. सीट मुद्दाम उंच ठेवलं आहे, म्हणजे गुडघा गरजेपेक्षा जास्त वाकत नाही. तो बसतो आणि मारायला लागतो. सायकल जागची हलत नाही, पण दहा मिनिटांत त्याच्या कपाळावर घाम येतो. मध्ये एक मिनिट जोरात, मग दोन मिनिटं हळू, पुन्हा जोरात. पळता येत नाही म्हणून छाती आणि फुप्फुसं गंजू द्यायची नाहीत. शेजारची दोन लहान मुलं फिरणाऱ्या आऱ्यांकडे बघत उभी राहतात.

सायकलीनंतर जमीन. सतरंजीवर उताणा पडून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, मांडीचा पुढचा स्नायू आवळायचा, दहा अंक मोजायचे, सोडायचा. दिसायला काहीच नाही. पण गुडघ्याला मार बसला की मेंदू त्या स्नायूला जणू काम देणंच थांबवतो. मांडी दोन आठवड्यांत हडकते आणि महिनोन्‌महिने भरून येत नाही. त्याच्या डाव्या मांडीचा घेर टेपने मोजला तर उजवीपेक्षा अजून कमी भरतो. तो आकडा त्याच्या वहीत दर रविवारी लिहिलेला आहे.

मग कापडी पिशव्या. सीना नदीची वाळू भरून आईने दुहेरी टाका घातलाय, किराणा दुकानातल्या काट्यावर वजन केलंय, एक किलोची, दोनची, पाचची. हलकी पिशवी डाव्या घोट्याला, पाय सरळ ठेवून वर. दहा वेळा, थांबणं, पुन्हा दहा, पुन्हा दहा. सगळ्या व्यायामशाळांतून चालणारा हा तीन वेळा दहाचा हिशेब जखमी सैनिकांच्याच वॉर्डातून आलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म नावाचा डॉक्टर होता, स्वतः वजनं उचलणारा. शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यांना तोवर हलक्या हालचाली आणि भरपूर विश्रांती देत. त्याने पायाला लोखंडी बूट बांधून हळूहळू वजन वाढवत नेलं आणि १९४५ मध्ये ते लिहून प्रसिद्ध केलं. पुढे त्यानेच आणि वॉटकिन्स या सहकाऱ्याने त्याचं रूप तीन गुणिले दहा इतकं सोपं केलं. परंड्याच्या या अंगणात सीनेच्या वाळूने तेच चाललंय.

पाच किलोची पिशवी उजव्या पायाला जाते. आई चुलीपाशी बसून विचारते, "चांगल्या पायाला कशाला दमवायलास रं?"

"चांगला पाय दमला की वाईट पायाला पण त्यातलं मिळतंय."

तिला हे पटत नाही, पण ते खरं आहे. १८९४ साली येल विद्यापीठात स्क्रिप्चर या मानसशास्त्रज्ञाने एका हाताने रोज दाबण्याचा सराव करून घेतला, तर सराव न केलेल्या हाताचीही ताकद वाढलेली दिसली. स्नायू एका बाजूचा राबतो, पण हुकूम देणारी मज्जासंस्था दोन्ही बाजूंची शिकते. प्लास्टरमधल्या, पट्ट्यातल्या माणसाच्या हातात एवढं असतं आणि बहुतेकांना ते कुणी सांगत नाही. 'आराम करा' सांगतात. माणूस खाटेवर पडतो, सहा आठवड्यांत चांगले तीन अवयवही खाली येतात, आणि मग एकाच्या जागी चार दुरुस्त्या होऊन बसतात.

नऊच्या सुमाराला भावकीतले एक काका येतात. खाटेवर बसतात, चहा घेतात, त्याला खालीवर न्याहाळतात.

"दिसायला तर ठणठणीत हायेस."

"हाय की."

"मग कवा जातूस बॉर्डरवर?"

"बोर्ड झाल्यावर."

"आमच्या वक्ताला फौजी म्हंजे मोडक्या पायानं डोंगर चढायचा."

यावर बोलायचं त्याच्या ओठांवर येतं, मला दिसतं. तो वाळूची पिशवी दुसऱ्या हातात घेतो आणि खांद्याचा व्यायाम सुरू करतो, बसून, दोन्ही पावलं जमिनीवर टेकवून. काकांना मी सांगतो की शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, महार रेजिमेंटचा जवान, ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये आठ मिनिटं नऊ सेकंदांवर गेलेला माणूस, जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यावर पडला. हाच लिगामेंट. त्याचीही शस्त्रक्रिया झाली, सप्टेंबरातली टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. त्याला कुणी म्हणालं का, मोडक्या गुडघ्याने पळ? काका साबळ्याचं नाव ऐकून गप्प होतात, गुडघ्याचं ऐकून होत नाहीत. आपल्याकडे दुखापत लपवणाऱ्याला शूर म्हणायची सवय जुनी आहे. तिच्यापायी किती पोरांची हाडं गेली, हे मी मैदानावर उभा राहून बघत आलोय आणि त्याचा मला राग येतो.

काका गेल्यावर आम्ही शेताकडे निघतो. तो चालतच येतो, चालण्याला परवानगी आहे. सीनेच्या काठचं हे रान. २०२५ च्या सप्टेंबरात नदी पात्र सोडून गावांत शिरली, परंडा तालुक्यात छपरांवर अडकलेल्या लोकांना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. तेव्हा हा गुडघा बांधून दूर रुग्णालयात पडला होता आणि फोन लागत नव्हता. पाणी ओसरलं तेव्हा वरची काळी माती गेली होती आणि गोटे उरले होते. त्या पट्ट्यात आप्पांनी भराव टाकून घेतलाय, बांध अजून निम्माही उभा नाही. आप्पा पाटीत गोटे भरतात, डोक्यावर घेतात, बांधाला नेऊन ओततात. पासष्टीचा माणूस.

मुलगा बांधावर उभा आहे. हात मोकळे.

कागदावरचा 'ओझं वाहणं बंद' हा शब्द युनिटच्या स्टोअरमध्ये जेवढा टोचत नसेल तेवढा इथे टोचतो. ट्रॅक्टर शेजाऱ्याचा, तो द्यायला तयार आहे, पण क्लच डाव्या पायाला. तो दाबून धरायचा तर ढेकळांत दर मिनिटाला जोर लागणार. मुलगा ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारतो, सीटवर हात ठेवतो आणि मागे येतो. आप्पा हे पाहतात आणि बघितलंच नाही असं दाखवतात. थोड्या वेळाने ते हाक मारतात, "हिकडं ये. मोटारीचा स्टार्टर खोलून बघ, ट्रिप व्हायलाय."

तो स्टार्टरच्या पेटीपुढे पाटावर बसतो, डावा पाय लांब करून. स्क्रू काढतो, कॉन्टॅक्ट घासतो. हे काम त्याला जमतं, आणि बंद केलेल्या यादीत ते नाही. आप्पांनी त्याला शोधून हे काम दिलंय, हे त्याला कळतं. दोघंही त्यावर बोलत नाहीत.

विहीर याच रानात वरच्या अंगाला आहे, पायऱ्यांची, पुराच्या वर्षी तुडुंब. शेजारच्या वस्तीवरची चार पोरं काठावरून उड्या टाकतायत. काठावरची ती जागा याचीही जुनी. लहानपणी इथूनच सूर मारायचा, शाळेत केस ओले घेऊन यायचा. आज तो पायऱ्यांनी उतरतो. भिंतीला हात, आधी डावा पाय खाली, मग उजवा. चढताना आधी चांगला, उतरताना आधी दुखरा, हे रुग्णालयात पहिल्या आठवड्यात शिकवतात आणि पाय सुधारला की लोक आधी तेच विसरतात. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ आहे. तिथे तो बसतो आणि बसूनच सरकत पाण्यात जातो. पोरं वरून ओरडतात, "दादा भ्याला!" तो पाण्यातून हात हलवतो.

पोहण्याची परवानगी त्याने बार्शीच्या फिजिओथेरपिस्टकडून आधी घेतली आहे, अटी घालून. बेडकासारखे पाय मारायचे नाहीत, त्यात गुडघा पिळवटतो. भिंतीला पायाने रेटा द्यायचा नाही. उडी नाही. म्हणून त्याने तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा, बूच घट्ट लावून, दोन मांड्यांच्या मध्ये धरलाय. आमच्याकडे पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला डबा बांधतात. तोच इथे मांड्यांत गेला की पाय आपोआप वर तरंगतात आणि सगळं काम खांद्यांना आणि पाठीला पडतं. एक काठ, दुसरा काठ. विहिरीचा व्यास तो किती, दहा-बारा हात मारले की वळायला लागतं. वळतानाही तो पायाने भिंत ढकलत नाही, हाताने कडा धरून फिरतो. दगडी भिंतीवरून पाण्याचा आवाज वर येत राहतो.

मुरलीकांत पेटकर अशाच एका उपचारातून पाण्यात उतरले. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे, सैन्याच्या ईएमई दलात, मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक पाठीच्या कण्यात बसली, कंबरेखालचं अंग गेलं. पोहणं आधी उपचार म्हणूनच होतं. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत मारलं, विश्वविक्रम आणि भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. पेटकरांची गोष्ट सांगताना लोक जिद्दीवर थांबतात. मला त्यातला रोजचा भाग जास्त मोलाचा वाटतो. जे अंग उरलंय त्याने किती करता येतं याचा त्यांनी रोज हिशेब केला, रोज पाण्यात उतरून. याचं तर काही महिन्यांत बहुतेक सगळंच परत येणार आहे. त्याला फक्त तोवर तग धरायचाय.

तो वर येतो, अंग पुसतो. पोरांपैकी सगळ्यात धाकटा जवळ येऊन गुडघ्यावरची रेघ बोटाने दाखवतो. "दुखतंय?"

"न्हाई."

"मग उडी का मारत न्हाई?"

"आत अजून पक्कं झालं न्हाई. झालं की तुझ्यासंगं मारतो."

दुपारी जेवताना आई तिसरी भाकरी टाकते. संक्रांत नुकतीच झाली आहे, शेंगदाण्याच्या पोळ्या डब्यात आहेत. तो दीड भाकरीवर थांबतो, वरण आणि मटकी पुन्हा घेतो, दोन उकडलेली अंडी घेतो, पोळीचा चतकोर. धाव बंद झाली की भूक लगेच कमी होत नाही, आणि सैन्यात वजन वाढलं तर त्याचीही वेगळी कॅटेगरी लागते. आईला हे समजावणं डॉक्टरांना समजावण्यापेक्षा अवघड. "दुखण्यातनं उठलेल्या लेकराला पोटभर खाऊ घालायचं न्हाई तर काय?" ती भाकरी परत टोपल्यात ठेवते तेव्हा तिचा चेहरा खरंच पडलेला असतो. तो उठून तिच्याजवळ चुलीपाशी जाऊन बसतो.

संध्याकाळी किल्ल्याकडे. खंदकाबाहेरच्या मोकळ्या जागेत दोन खांबांना पाइप आडवा बांधलाय, भरतीची मुलं तिथे पुल-अप काढतात. मागे परंड्याचे बुरूज. विजापूरची मुलूखमैदान तोफ १६३२ मध्ये इथूनच नेली, तिच्या बहिणी म्हणाव्यात अशा तोफा अजून आत बुरुजांवर आहेत. पोरांना त्याचं फारसं नाही. त्यांना दहा पुल-अपचे ४० गुण माहीत आहेत.

एकजण बाजूला दगडावर बसलाय. सकाळी सहा मिनिटांच्या बाहेर गेलेला हाच. मोजा खाली करून नडगी चोळतोय.

"कधीपासनं?" लान्स नायक त्याच्यापुढे उकिडवा बसत नाही, शेजारी दगडावर बसतो.

"झालं पंधरा दिस. पळून पळून मोकळं होईल म्हनत्यात."

"रात्री दुखतं?"

पोरगा मान हलवतो. "गोळी घिऊन पळतो."

तो अंगठ्याने नडगीच्या आतल्या कडेवरून वरून खाली दाबत येतो. संपूर्ण कडेला दुखलं तर स्नायूंच्या मुळांची सूज, विश्रांतीने उतरते. एका बोटापुरत्या जागी कळ आली तर हाडाची शंका. पोरगा एका जागी पाय आखडून घेतो. पुन्हा त्याच जागी. मी शेजारी उभा आहे, मलाही ती जागा दिसते. १८५५ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट या डॉक्टरने चालून चालून पाय सुजलेल्या सैनिकांबद्दल लिहून ठेवलं होतं. क्ष-किरण आल्यावर, चाळीसेक वर्षांनी, त्या पायांतल्या हाडांना चिरा असल्याचं कळलं. हाड रोजच्या धक्क्यांनी झिजतं आणि विश्रांतीत भरून येतं. कडक डांबरावर, झिजलेल्या बुटांत, गोळी घेऊन विश्रांतीच काढून टाकली की भरणं मागे पडतं. मग एक दिवस चीर आरपार जाते. भरतीच्या मैदानावर धावताना पोरं अशी खाली बसलेली मी पाहिली आहेत.

"उद्या बार्शीला जा. हाडाच्या डॉक्टरला दाखव. एक्स-रेत दिसलं न्हाई तरी पळायचं न्हाई, सुरुवातीला दिसत नसतं. काय म्हनत्यात ते मला सांग."

"दादा, दोन महिन्यांवर भरती हाय."

"माहीत हाय."

"सहा आठवडे बसलो तर गेलंच की माझं."

"मोडलं तर पुढची पण जाईल."

पोरगा माझ्याकडे बघतो, सर काहीतरी वेगळं सांगतील या आशेने. मी त्याच्या वडिलांना आज रात्री घरी येऊन भेटतो म्हणून सांगतो, आणि डॉक्टरकडे सोबतही येतो. वयाची मर्यादा त्याला अजून दोन वर्षं पुरते, हे मी त्याला बोटांवर मोजून दाखवतो. तो रडवेला होतो, मग गप्प होतो.

"मग तवर काय करू? घरात बसू?"

"कोन म्हनलं घरात बस?" लान्स नायक आडव्या पाइपाकडे बोट दाखवतो. "किती काढतूस?"

"सहा."

"दहाला चाळीस गुण हायेत. पायाचं काय काम हाय त्यात?"

तो शेजारच्या टपरीतून लाकडी स्टूल मागून आणतो आणि पाइपाखाली ठेवतो. पोराला स्टुलावर चढवतो, तळहात कसे धरायचे ते दाखवतो, खांदे आधी मागे. पोरगा लटकतो. एक. दोन. बाकीची मुलं भोवती गोळा होतात आणि मोजायला लागतात. पाचला हात थरथरतात, सहाव्याला तो ओरडत वर जातो. सातव्याला हनुवटी पाइपापर्यंत पोचत नाही.

"हा धरला न्हाई," लान्स नायक म्हणतो आणि स्टूल पायांखाली सरकवतो. "हळू उतर. उडी मारायची न्हाई. दोन मिनिटं थांब, मग परत."